वायपरच्या पाण्यात कोणत्या मोसमात काय घालायचं?

सोलापुरी चादर:

नमस्कार मंडळी. गाडी पेट्रोल हॅचबॅक, चार वर्षं जुनी, मागच्या काचेलाही वायपर आहे. मुक्काम सोलापूर, अधूनमधून फोंडा घाट उतरून देवगड, आणि येत्या जानेवारीत मनालीहून अटल बोगद्यातून सिस्सूपर्यंत जायचा बेत आहे. वायपरच्या टाकीत आजवर बोअरचं पाणी आणि शाम्पूची एक पुडी, एवढंच पडत आलंय.

सध्याची लक्षणं अशी. पाणी मारून वायपर फिरवला की काच सुकताना पांढरट पट्टे आणि ठिपके राहतात. ड्रायव्हरच्या बाजूच्या नोझलमधून बारीक धार येते, दुसऱ्यातून ठीक येते. दांडी ओढल्यावर पाणी लगेच येत नाही, दोन-तीन सेकंदांनी येतं. पाण्याला कुबट वास आहे. पावसाळ्यात रात्री समोरच्या गाडीचा दिवा काचेवर फिसकटतो आणि वायपर थरथरत, कुरकुरत जातो.

विचारायचं हे की दुकानात मिळणारं लिक्विड बारा महिने एकच चालतं, का उन्हाळा, पावसाळा, हिवाळा वेगवेगळं हवं? आणि बर्फात काय करायचं?

---

पाना-पक्कड:

लिक्विड कोणतं ते नंतर बघू. आधी टाकी धुवा, नाहीतर महागातलं लिक्विडही त्याच गाळात जाणार.

टाकी रिकामी करायला दांडी ओढून धरू नका. हा पंप छोटा असतो, पाण्यानेच थंड राहतो. कोरडा चालला किंवा सलग १५-२० सेकंदांपेक्षा जास्त चालवला की आधी आवाज बदलतो, मग मोटर जाते. वरून बारीक नळी घालून पाणी ओढून घ्या. ते जमत नसेल तर बऱ्याच हॅचबॅकमध्ये टाकी पुढच्या चाकाच्या वर, फेंडरच्या आतल्या प्लास्टिकमागे असते. चाक पूर्ण वळवा, प्लास्टिकचे दोन-चार क्लिप काढा, की टाकीच्या तळाशी रबरी ग्रोमेटमध्ये नुसता दाबून बसवलेला पंप दिसतो. खाली बादली धरून पंप सरळ ओढायचा, वाकडातिकडा हलवायचा नाही. ग्रोमेट फाटलं की टाकी कायमची गळते. पंपाच्या तोंडाशी किंवा ग्रोमेटच्या आत एक बारीक जाळी असते. तुमच्या वासाचं आणि बारीक धारेचं निम्मं कारण तिथे सापडेल: हिरवट-राखाडी बुळबुळीत थर आणि शाम्पूच्या गुठळ्या.

आता क्षार. वाण्याकडे लिंबूफूल मिळतं, म्हणजे सायट्रिक ॲसिड. एक लिटर कोमट पाण्यात मोठा चमचाभर (साधारण १५ ग्रॅम) विरघळवून टाकीत ओता. पुढे-मागे पाच-पाच सेकंद मारा म्हणजे नळ्या भरतील. अर्धा तास थांबा, परत मारा, मग टाकी रिकामी करून दोनदा स्वच्छ पाण्याने धुवा. बॉनेटवर उडालेलं लगेच पाण्याने धुवायचं, रंगावर सुकू द्यायचं नाही.

वास तरीही राहिला तर लिटरला ५ मिली घरगुती ब्लीच, १५ मिनिटं, नंतर दोनदा विसळ. हे मात्र नोझलमधून काचेवर मारू नका, खालून सोडून द्या. आणि लिंबूफूल किंवा व्हिनेगर टाकीत असताना ब्लीच कधीच घालायचं नाही. क्लोरीन वायू सुटतो, आणि बॉनेटखाली डोकं घालून बसलेल्या माणसाच्या नाकातच पहिला जातो.

नोझलचं. दोन जाती आहेत. एकात छोटी गोटी असून तिला भोक असतं, त्यातून सरळ धार येते. दुसरीतून पंख्यासारखा फवारा येतो. गोटीवालीत टाचणी चालते, पण टाचणीने कचरा आत ढकलला जातो आणि चार दिवसांनी पुन्हा भोकाशी येऊन बसतो. त्यापेक्षा बॉनेटखालून नळी काढा आणि १० मिलीच्या इंजेक्शनच्या सिरिंजने बाहेरून आत, उलट्या दिशेने पाणी मारा. पंखावालीत टाचणी अजिबात नको. तिच्या पोटात पाण्याला डावीउजवी झुलवणारी नाजूक खाच असते, ती खरवडली गेली की फवारा कायमचा एका बाजूला पडतो. तशी नोझल लिंबूफुलाच्या पाण्यात बुडवून ठेवायची.

धार लावताना गाडी उभी असेल तर पाणी वायपरच्या पट्ट्यातल्या वरच्या तिसऱ्या भागात पडलं पाहिजे. हायवेला वारा ते खाली दाबतो. उभ्या गाडीत मधोमध लावलेली धार ८०-९० च्या वेगाला वायपरच्या बुडाशी पडते आणि लोक म्हणतात पंप कमजोर झाला.

पाणी उशिरा येतं त्याला लिक्विड काहीही करणार नाही. नळीत एक वनवे व्हॉल्व्ह असतो, तो गेला की नळीतलं पाणी टाकीत उतरतं आणि दर वेळी पंपाला नळी नव्याने भरावी लागते. व्हॉल्व्ह स्वस्त आहे, बदला. बदलताना त्यावरचा बाण नोझलकडे. त्याच वेळी बॉनेटच्या बिजागरीपाशी नळी दुमडली आहे का आणि उंदराने कुरतडली आहे का तेही बघा.

---

परीक्षानळी:

पक्कड यांनी लिहिलेलं आधी करा. आता पाण्यात काय आहे आणि काय हवं ते.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) विरघळलेल्या घटकांची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. सोलापूर, लातूर, धाराशिवकडच्या बोअरचा टीडीएस (म्हणजे हेच विरघळलेले घटक) सहज त्याच्या वर जातो. १००० धरला तर तीन लिटरच्या टाकीत तीन ग्रॅम क्षार आले. पाणी उडून जातं, हे तीन ग्रॅम जात नाहीत. ते काचेवर, वायपरच्या रबराखाली आणि नोझलच्या भोकात बसतात.  तुमचे पांढरट पट्टे म्हणजे मुख्यतः हेच क्षार. वर कितीही भारी लिक्विड घाला, बोअरच्या पाण्यात ते असंच वागणार.

म्हणून वर्षभराचा पहिला नियम: आरओचं पाणी किंवा बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी. आरओमधून बाहेर टाकलेलं पाणी नव्हे, त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. मुंबई-पुण्यात धरणाचं नळाचं पाणी मृदू असतं, तिथे तेही चालतं. एसीचं गोळा केलेलं पाणी क्षाराच्या दृष्टीने चांगलं, पण ते धुळकट कॉइलवरून ओघळून येतं, जंतू आणि बुरशी सोबत आणतं. गाळून लगेच वापरणार असाल तरच घ्या.

शाम्पूची पुडी बंद करा. केसांच्या शाम्पूत केस मऊ करणारे सिलिकोन आणि दाटपणासाठी मीठ असतं. सिलिकोन काचेवर पातळ थर धरतं आणि रात्री दिवा फिसकटतो त्याला हातभार लावतं.

लिक्विडमध्ये मुळात तीनच कामाच्या गोष्टी असतात. मळ सोडवणारा सर्फॅक्टंट, तेलकटपणा विरघळवणारं आणि गोठणबिंदू खाली नेणारं अल्कोहोल, आणि पाणी सडू नये म्हणून परिरक्षक. निळा-हिरवा रंग आणि लिंबाचा वास तुमच्या-आमच्यासाठी. मोसमाप्रमाणे बदलायचं ते पहिल्या दोघांचं प्रमाण. आपल्याकडे मोसम म्हणजे थंडी किती हा प्रश्नच नाही, काचेवर काय बसतंय हा प्रश्न आहे.

तयार कॉन्सन्ट्रेट (पाण्यात मिसळून वापरायचं दाट लिक्विड) घ्या आणि लेबलवरचं प्रमाण खरोखर मोजा. १:१०० असेल तर तीन लिटरला ३० मिली, १:५० असेल तर ६० मिली. खोकल्याच्या औषधाचं झाकण मोजायला चालतं. जास्त घातल्याने जास्त साफ होत नाही, फेस होतो आणि तो फेस काचेच्या कडेला सुकून पट्टा देतो.

मार्च ते मे: सोलापुरात पारा ४२-४३ ला जातो आणि उन्हात उभ्या गाडीची काच हाताला चटका देते. अशा काचेवर पाणी पडलं की वायपर वर पोचायच्या आत खालचं सुकलेलं असतं. अल्कोहोल जास्त असेल तर आणखी लवकर. म्हणून उन्हाळ्यात अल्कोहोल कमी, सर्फॅक्टंट लेबलप्रमाणे पूर्ण. किड्यांसाठी वेगळं 'बग रिमूव्हर' लिक्विड मिळतं ते याच दिवसांत कामाचं. पण किड्याचं वाळलेलं प्रथिन पाच सेकंदांत सुटत नाही, ते भिजावं लागतं. गाडी सावलीत घ्या, काच निवू द्या, मारा, दोन मिनिटं थांबा, मग वायपर. काचेला आधीच खडा लागून तारा पडला असेल तर तापलेल्या काचेवर गार पाण्याचा मारा टाळा. तडा लांबतो.

जून ते सप्टेंबर: पावसाळ्यात पाणी आभाळातून मिळतंच, लिक्विड कशाला, असं वाटतं. उलट आहे. पहिल्या पावसात रस्त्यावरचं चार महिन्यांचं डिझेलचं काजळ, ऑइल आणि टायरचं रबर वर येतं आणि पुढच्या ट्रकच्या चाकांतून तुमच्या काचेवर येतं. नुसत्या पाण्याने वायपर ते पसरवतो. या दिवसांत कॉन्सन्ट्रेट लेबलच्या वरच्या मर्यादेला आणि सोबत ७ ते १० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल (आयपीए). तीन लिटरमध्ये २०० ते ३०० मिली. पहिल्या सरींनंतर संध्याकाळी पंखवाल्या वाळवीचे थवे येतात, तेव्हा टाकी भरलेली असू द्या. त्या चिरडल्या की नुसत्या पाण्याने तुपकट होतात.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी: महाराष्ट्रात टाकी गोठत नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठतात तेव्हाही गाडीतलं तीन लिटर पाणी गोठण्याइतकी थंडी टिकत नाही. तेव्हा 'हिवाळी' म्हणून महाग लिक्विड इथे घेण्यात अर्थ नाही. पण तुमच्याकडे हाच गाळपाचा हंगाम. पाचट जाळल्याची काळी चिपाटं, साखर कारखान्याच्या चिमणीची राख, ऊस ट्रॉल्यांमागची धूळ. बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चोथ्याच्या, राखेत सिलिका असते, ती काच खरवडते. पहाटेचं दव आणि राख यांचा चिखल होतो. पहाटे वायपर कोरडा फिरवू नका. बाटलीभर पाणी काचेवर वरून ओतून राख वाहून घालवा, मग लिक्विड, मग वायपर. पाण्याचं प्रमाण महत्त्वाचं, रसायनाचं नाही. साधं लेबलच्या प्रमाणातलं मिश्रण पुरे.

घरी करायचं असेल तर: १ लिटर ९०० मिली आरओ पाणी, १०० मिली आयपीए, १ ते २ मिली न्यूट्रल पीएच कार शाम्पू. पावसाळ्यात आयपीए दुप्पट. ५ ते १० टक्के अल्कोहोल जंतू रोखायला पुरत नाही, म्हणून हे मिश्रण महिन्याभरात संपवा. आणि आयपीए पेट घेतं, तेव्हा गॅसच्या ओट्यावर कालवू नका. करोनाकाळातलं उरलेलं सॅनिटायझर यात घालायची कल्पना अनेकांना सुचते. त्यात हात कोरडे पडू नयेत म्हणून ग्लिसरीन असतं, ते काचेवर धुकट थर देतं. जेलवाल्याचं तर नावच नको.

---

साधासरळ:

एवढं शास्त्र कशाला? भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब टाकायचे, काच चकाचक. आमच्याकडे सगळे हेच करतात.

---

परीक्षानळी:

चार थेंब टाकले तर फार बिघडत नाही, हे मान्य. पण चार थेंब कोणीच टाकत नाही. त्या लिक्विडची रचनाच फेस टिकवायची आहे आणि ते नंतर भरपूर पाण्याने विसळलं जाईल हे गृहीत धरलेलं आहे. काचेवर विसळायला कोण येतं? त्यातही दाटपणासाठी मीठ असतं. कपड्यांच्या पावडरीबद्दल तर विचारू नका, तिच्यात सोडा आणि न विरघळणारे भरीचे पदार्थ असतात, जाळी बुजवायचं ते खात्रीचं साधन आहे.

नुसतं पाणीही नको, त्याला आणखी एक कारण आहे. कोमट, साचलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचा जंतू वाढतो. तो पाण्याच्या तुषारातून फुप्फुसात जातो आणि न्यूमोनियासारखा आजार होतो. २०१० मध्ये ब्रिटनच्या आरोग्य संरक्षण यंत्रणेच्या अभ्यासात वॉशरच्या टाकीत नुसतं पाणी घालणाऱ्यांना या आजाराचा धोका जास्त आढळला होता. २५ ते ४५ अंश त्याला मानवतं, म्हणजे सोलापुरात त्याला वर्षभर सोयीचं आहे. कुबट वासाच्या टाकीचं पाणी काच खाली करून मारू नका.

---

हापूसची पेटी:

देवगडला येताय म्हणून लिहितो. सोलापूरच्या धुळीचं मिश्रण इथे उपयोगी नाही, इथला मळच वेगळा.

डिसेंबर ते फेब्रुवारी मोहोराचे दिवस. मोहोरावर तुडतुडे असतात, ते गोड चिकटा टाकतात. आंब्याखाली रात्रभर गाडी ठेवली की सकाळी काच गोंद लावल्यासारखी. याच्यावर थेट वायपर घालू नका, रबराला चिकटा लागून पुढचे आठ दिवस पट्टे येतात. चिकटा म्हणजे साखर, ती अल्कोहोलने नाही, पाण्याने सुटते. कोमट पाण्यात भिजवलेला फडका काचेवर पाच मिनिटं अंथरून ठेवायचा आणि पुसायचं. रबराची धारही त्याच फडक्याने पुसा. त्या दिवसांत बागांना फवारणी चालू असते, तिचे तुषार काचेवर असले तर हात धुऊन मग जेवा.

एप्रिल-मेमधला चीक ही वेगळी गोष्ट. तो तेलकट-राळेसारखा, पाण्याला दाद देत नाही. फडक्यावर आयपीए घेऊन काढायचा, तेही काचेवरूनच. बॉनेटवर पडला असेल तर ताबडतोब धुवा, रंगाला डाग पडतो.

किनाऱ्याला गाडी उभी राहिली की खारा वारा काचेवर मिठाची साय धरतो. मीठ पाण्यात लगेच विरघळतं, पण त्यात वाळूचा कण असतो. तेव्हा आधी पाणी ओता, नंतर वायपर. जांभ्याच्या तांबड्या धुळीलाही तेच. आणि परत जाताना फोंडा घाटात पावसाळी धुक्यात काच पांढरी झाली तर आधी बघा वाफ आत आहे का बाहेर. अर्धे लोक आतल्या वाफेवर बाहेरून पाणी मारत बसतात. आतली असेल तर एसी चालू करून वारा काचेकडे.

---

सोलापुरी चादर:

बरंच काम निघालं. लिंबूफूल आणून टाकी धुतली, जाळीत वर्णन केलं तसाच थर होता. दोन शंका राहिल्या. एक, पावसातली थरथर आणि फिसकटणारा दिवा: ते लिक्विडने जाईल का वायपर बदलू? दोन, सिस्सूचं कोणी सांगितलं नाही. कूलंट उणे तापमानाला गोठत नाही, तर तेच थोडं वायपरच्या टाकीत घातलं तर?

---

टोरोंटोचा गारठा:

कूलंट नको! त्यातलं ग्लायकॉल उडत नाही, काचेवर तेलकट थर होऊन बसतं आणि समोरचं दिसेनासं होतं. वर ते विषारी आहे आणि चवीला गोड, त्यामुळे कुत्रीमांजरं चाटतात. उलटी चूकही होते, वॉशरचं पाणी कूलंटच्या टाकीत. झाकणावर काच आणि कारंज्याचं चित्र असेल तीच वायपरची टाकी, बाकी कुठेही ओतू नका.

सिस्सूला जानेवारीत रात्री उणे १० च्या खाली सहज जातं. साधं लिक्विड, म्हणजे ज्यावर उणे अंशांचा आकडाच नाही, ते तिथे पाणीच समजा. 'ऑल सीझन' असं छापलेलं पुरत नाही, आकडा हवा. आणि आकडा तिथल्या रात्रीपेक्षा किमान १० अंश खालचा घ्या. कारण चालत्या गाडीत काचेवर पडताच अल्कोहोल आधी उडतं, मागे राहिलेलं पाणी काचेवरच गोठतं. टाकीत पातळ असलेलं लिक्विड काचेवर बर्फ होतं, आणि तेही नेमकं वेगात असताना.

तयार मिळालं नाही तर आयपीए आणि डिस्टिल्ड पाणी, आकारमानाने दोनास तीन (४० टक्के आयपीए). हे साधारण उणे १८ पर्यंत टिकतं, म्हणजे वर सांगितलेली १० अंशांची सूट यात पुरी बसत नाही. तीन लिटरच्या टाकीला १.२ लिटर आयपीए, १.८ लिटर पाणी. वर कॉन्सन्ट्रेट लेबलप्रमाणे. एवढ्या प्रमाणाचं मिश्रण ज्वलनशील असतं, तेव्हा मोकळ्या हवेत करा आणि सोलापूरपासून भरून नेऊ नका, चंदीगडच्या पुढे भरा. वाटेतल्या उन्हात निम्मं अल्कोहोल कशाला उडवायचं?

रंगाच्या दुकानातलं स्पिरिट घेऊ नका, मिथेनॉल असण्याची शक्यता असते. विषारी दारूत माणसं आंधळी होतात, दगावतात ते याच मिथेनॉलने. इकडे कॅनडात आणि अमेरिकेत थंडीचं लिक्विड सर्रास मिथेनॉलचं असतं, पण युरोपीय संघाने मे २०१९ पासून सामान्य ग्राहकाला विकायच्या वॉशर लिक्विडमध्ये ०.६ टक्के किंवा त्याहून जास्त मिथेनॉलला बंदी घातली. तिथे इथेनॉलवाली मिळतात. कुठलंही असो, गाडीची हवा आत घेणारी जाळी काचेच्या बुडाशीच असते, तेव्हा मारण्याआधी हवा आतल्या आत फिरवायचं बटण दाबा.

सगळ्यात मोठी चूक: अर्धी टाकी जुनं पाणी असताना वर हिवाळी लिक्विड ओतणं. उणे ४० चं आणि पाणी निम्मंनिम्मं केलं की उणे २० होत नाही, मिथेनॉलचं साधारण उणे १५ ला येऊन थांबतं. म्हणून टाकी पूर्ण रिकामी करा. मग नवं भरून पुढच्या दोन्ही नोझलमधून आणि मागच्या काचेवरही अल्कोहोलचा वास येईपर्यंत मारा. हॅचबॅकमध्ये मागची नळी छतातून गाडीच्या टोकापर्यंत जाते, तिच्यात बरंच साधं पाणी दडून राहतं. टाकी वाचते आणि नळी किंवा मागचं नोझल फुटतं, ते असं. मग पाणी छताच्या कापडातून आत टपकतं.

सकाळी पाणी आलं नाही तर दांडी पुन्हा पुन्हा ओढू नका, गोठलेला पंप अडकून फ्यूज किंवा मोटर जाते. इंजिन चालू करून बॉनेटखाली ऊब येऊ द्या. गरम पाणी काचेवर ओतायचं नाही. रात्री वायपर काचेवरून उचलून ठेवा, आणि गाडी सुरू करताना वायपरचा स्विच बंद आहे ना ते पाहा. काचेला चिकटलेलं रबर ओढलं की फाटतं.

---

पाना-पक्कड:

पहिली शंका मी घेतो. थरथरीची कारणं तीन: काचेवरचा तेलकट-सिलिकोनचा थर, उन्हाने कडक झालेलं रबर, आणि वाकलेला वायपरचा हात. लिक्विड फक्त नवा थर साचू देत नाही, जुना थर काढत नाही.

काच आधी साबणाने धुवा आणि पाणी शिंपडा. पाणी एकसारखा पातळ पडदा धरत असेल तर काच स्वच्छ आहे. मधेच तुटून थेंब होत असतील तर थर आहे. तो काढायला काचेसाठीचं सेरियम ऑक्साइडचं पॉलिश मिळतं. ओल्या पॅडवर सुपारीएवढं घ्यायचं, सावलीत, हाताने, गोल गोल, अर्ध्या काचेला १०-१५ मिनिटं. सुकू द्यायचं नाही, कडेच्या रबराला चिकटपट्टी लावायची. पाणी पडद्यासारखं वाहायला लागलं की थांबा. नखाला लागणारे ओरखडे याने जाणार नाहीत, आणि ड्रायव्हरच्या नजरेसमोर मशीनने घासत बसलात तर काच लाटेसारखी दिसायला लागते.

बोअरच्या पाण्याचे जुने ठिपके पॉलिशच्या आधी काढा. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवलेला फडका दहा मिनिटं ठेवून धुवा, चुना सुटतो. सुटला नाही तर तो सिलिकेचा डाग, त्याला पॉलिशच. 'ॲसिड' म्हणून सुट्या बाटलीत विकतात ते लावू नका. काहींत फ्लोराइड असतं, ते काच खातं आणि हातालाही सोडत नाही.

रबर मे महिन्याच्या शेवटी बदला. जानेवारीत बदललेलं रबर पावसापर्यंत उन्हात कडक होतं. नवा ब्लेड लावूनही वायपर एकाच दिशेने जाताना थरथरत असेल तर हात वाकलाय. ब्लेड काचेला काटकोनात बसला पाहिजे, म्हणजे जाताना आणि येताना रबर दोन्हीकडे सारखं झुकतं.

पाऊस घसरवणारं कोटिंग लावायचं असेल तर पॉलिशनंतर, आणि मग टाकीत कोटिंगला चालणारंच लिक्विड. थेंब घसरवणारं लिक्विड आणि साधं साबणी लिक्विड एकात एक मिसळू नका. काहींचे सर्फॅक्टंट उलट विद्युतभाराचे असतात, मिसळले की चोथा होऊन परत तीच जाळी बुजते. ब्रँड बदलताना टाकी रिकामी करून एकदा पाण्याने विसळा. शंका असेल तर दोन्ही चमचाभर काचेच्या पेल्यात मिसळून रात्रभर ठेवा. सकाळी गढूळ किंवा दाट दिसलं तर मिसळायचं नाही.

आणि चादर, मागच्या वायपरचं पाणी येतंय ना ते आत्ताच तपासा. बऱ्याच हॅचबॅकमध्ये पुढच्या-मागच्याला पंप एकच असतो, मोटर उलटी फिरली की पाणी मागे जातं. पुढे नीट आणि मागे काहीच नाही, पण आवाज येतोय, असं असेल तर पंप चांगला आहे. मागची नळी डिकीच्या दाराच्या बिजागरीपाशी निसटलेली असते. छताचं कापड ओलं लागतंय का हात लावून बघा, आणि ते सुधारल्याशिवाय १.२ लिटर आयपीए त्या टाकीत ओतू नका.